मेलेला खडक, सडका खडक

जर्मनीतल्या मान्सफेल्ड भागातल्या खाणकामगारांनी दोन खडकांना नावे ठेवली होती, अगदी दोन्ही अर्थांनी. पहिला खडक म्हणजे त्यांच्या तांब्याच्या थराखाली पसरलेला लाल वालुकाश्म. तो कितीही खणला तरी हाती काही लागत नसे, म्हणून तो ‘पायाखालचा लाल मेलेला’, त्यांच्या भाषेत ‘रोटटोटलीगेंडेस’. दुसरा खडक अधिक दगाबाज. तांब्याचा काळा थर नीट चाललेला असताना मध्येच तो तांबूस, गंजल्यासारखा होई आणि धातू पार नाहीसा होई. त्याला ते ‘रोटे फॉयले’ म्हणत, म्हणजे लाल सडका. दिवसभर आडवे पडून खोदणाऱ्या माणसाला असा खडक लागला की त्याचा दिवस बुडाला.

आज आपल्याला ठाऊक आहे की त्या मेलेल्या खडकातूनच तांबे आले, आणि सडक्या खडकाच्या कडेलाच ते सर्वांत दाट साचले. ज्यांना नावे ठेवली त्यांतला एक तांब्याचे माहेर निघाला आणि दुसरा तांब्याचा वाटाड्या. मान्सफेल्डच्या खाणकामाची सुरुवात परंपरेने 1199 सालची मानतात. तिथून ही गोष्ट नीट समजायला साडेसातशे वर्षांहून अधिक काळ गेला. हे पुस्तक त्या समजण्याची हकीकत आहे, आणि त्याच थराचा पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये जमिनीखाली साडेसहाशे मीटरांवर कसा सापडला, त्याचीही.

थराचे नाव कुप्फरशीफर, म्हणजे तांब्याचा पाटीदगड. आमच्या अभ्यासक्रमात तो एका परिच्छेदात आटोपायचा: पर्मियन कल्पातला काळा शेल, तांबे, चांदी, शिसे, जस्त, पुढे चला. मलाही तो तसाच शिकवला गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्याचा एक तुकडा हातात घेतला. काळा, जड, पानापानांनी सुटणारा, आणि एका पानावर मोरपिसासारखी निळीजांभळी झाक. बोर्नाइट हे तांब्याचे खनिज हवा लागली की असा रंग धरते. एवढ्याशा पातळ पाटीवर शहरे उभी राहिली आणि एक प्रदेश आठशे वर्षे जगला, हे त्या तुकड्याकडे बघून खरे वाटेना. या पुस्तकाचे बीज त्या न पटण्यात आहे.

थर किती पातळ, हे आधी लक्षात घ्यायला हवे. मान्सफेल्डमध्ये तो जेमतेम दोन फुटांचा, काही ठिकाणी त्याहूनही कमी. पोलंडमध्ये तो क्वचित दीड मीटरच्या पुढे जातो. पण पसरला आहे इंग्लंडच्या ईशान्य भागापासून उत्तर समुद्राखालून, जर्मनीतून, थेट पोलंडपर्यंत. एवढ्या विस्तारावर इतकी पातळ चादर अंथरली जायला एकाच वेळी सगळीकडे एकच घटना घडावी लागते. ती घटना म्हणजे पूर. सुमारे 25 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी आजचा मध्य युरोप समुद्रसपाटीपेक्षा खोल असलेले एक तापलेले वाळवंट होता. ज्वालामुखींचा राडा आणि वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या यांनी ते भरलेले होते, आणि खडकातले लोखंड गंजून सगळे लाल झालेले होते. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या खचत्या खोऱ्यातून उत्तरेकडचा समुद्र आत घुसला आणि भूशास्त्राच्या हिशेबाने पाहता पाहता ते वाळवंट पाण्याखाली गेले. त्सेखश्टाइन समुद्र तो हाच. लाल टेकड्यांचे माथे लाटांनी सपाट केले, त्यांचा रंग उतरून तो भाग पांढुरका झाला. खोल पाण्यात प्राणवायू पोहोचेना. वरून मरून पडणारे शेवाळ आणि जीव कुजण्याऐवजी काळ्या गाळात मुरले. त्या गाळाचा झाला कुप्फरशीफर.

त्या गाळात मासेही अडकले. पॅलिओनिस्कम नावाच्या माशाचे ठसे मान्सफेल्डच्या पाटीदगडात इतके मिळत की खाणकामगारांना त्यांचे नवल राहिले नव्हते. नवल वाटले ते तत्त्वज्ञ लायब्निट्सला. हार्झ पर्वताच्या खाणींशी त्याचा जवळून संबंध आला होता आणि पृथ्वीच्या इतिहासावरच्या त्याच्या ‘प्रोटोगाया’ या ग्रंथात या दगडी माशांची चर्चा आहे. पुढे 1756 मध्ये योहान गॉटलोब लेमान याने याच परिसरातले थर क्रमाने मोजून, एकावर एक मांडून दाखवले. थरांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम, हा विचार ज्या मोजक्या ठिकाणी पक्का झाला त्यांत तांब्याचा हा पाटीदगड आहे. खाणकामगाराला क्रम माहीत असणे पोटासाठी गरजेचे होते. शास्त्र त्याच्याकडून शिकले, ही नोंद मी या प्रस्तावनेत मुद्दाम करतो, कारण पाठ्यपुस्तकांत ती उलटी वाचायला मिळते.

मान्सफेल्डची खरी श्रीमंती मात्र चांदीत होती. या थरातल्या तांब्यात चांदी मिसळलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, तांब्याच्या खनिजांच्या स्फटिकांतच ती शिरून बसलेली असते. ती वेगळी काढायची युक्ती पंधराव्या शतकात रुळली: वितळत्या तांब्यात शिसे घालायचे, थंड झालेल्या वड्या पुन्हा बेताने तापवायच्या, म्हणजे शिसे आधी पाझरते आणि चांदीला आपल्याबरोबर घेऊन बाहेर येते. मग शिसे जाळून टाकले की चांदी उरते. खाणविद्येवर लिहिणाऱ्या अॅग्रिकोलाने 1556 च्या आपल्या ग्रंथात या कृतीचे सविस्तर वर्णन केले आहे. मार्टिन ल्यूथरचे वडील हान्स लुडर 1484 मध्ये मान्सफेल्डला आले ते याच धंद्यात नशीब काढायला, आणि पुढे भट्ट्या चालवणारे मालक झाले. 1785 मध्ये हेटश्टेटजवळच्या खाणीतले पाणी उपसायला जर्मनीत बांधलेले वॅटच्या धर्तीचे पहिले वाफेचे इंजिन बसले.

खोदणाऱ्यांची अवस्था काय होती? थर दोन फुटांचा, तर बोगदाही तेवढाच. त्यात कुशीवर आडवे पडून, खांद्याखाली फळी घेऊन, मान वाकडी करून छिन्नी चालवायची. ‘वाकड्या मानेचे’ हे त्यांना चिकटलेले नाव. आज त्या भागात फिरताना सपाट माळातून मध्येच पिरॅमिडसारखे राखाडी डोंगर दिसतात, ते या लोकांनी बाहेर काढून टाकलेल्या दगडाचे. 1990 मध्ये शेवटची खाण बंद झाली तोवर या खोऱ्याने सुमारे 26 लाख टन तांबे आणि 14,000 टनांहून अधिक चांदी दिली होती.

आता त्या दोन बदनाम खडकांकडे वळू.

तांबे आले कुठून, यावर फार काळ सोपे उत्तर होते: समुद्राच्या पाण्यातून गाळाबरोबर खाली बसले. थर काळा, धातू थरातच, मग आणखी काय शोधायचे? अडचण अशी की लाल सडका खडक थरांचा मान ठेवत नाही. तो खालच्या वालुकाश्मातून तिरका वर चढतो, काळा शेल कापतो, कधी वरच्या चुनखडीतही घुसतो. गाळ साचतानाच धातू बसला असता तर त्याने थराची शिस्त पाळली असती. शिवाय या लाल भागापासून दूर जाताना खनिजे ठरावीक क्रमाने बदलतात. अगदी कडेला चाल्कोसाइट, मग बोर्नाइट, मग चाल्कोपायराइट, त्यापुढे शिशाचे गॅलेना, मग जस्ताचे स्फॅलेराइट, आणि शेवटी ज्यात धातूच नाही असा पायराइटचा साधा काळा शेल. काहीतरी लाल बाजूकडून आले आणि पुढे सरकता सरकता एकेक ओझे खाली ठेवत गेले, असा हा माग आहे.

ते ‘काहीतरी’ म्हणजे खारे, कोमट, प्राणवायूयुक्त पाणी. मेलेल्या लाल खडकातल्या ज्वालामुखी दगडांत आणि वाळूत तांबे अत्यल्प प्रमाणात विखुरलेले असते. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवून ते विरघळते, चांदीही तशीच विरघळते. लोखंड मात्र अशा पाण्यात हलत नाही, ते हेमॅटाइट होऊन जागेवरच राहते. म्हणून खडक लाल राहतो आणि तांबे निघून जाते. हे पाणी भेगांतून, सच्छिद्र वाळूतून वर सरकते आणि काळ्या शेलपाशी थबकते. शेलमध्ये मुरलेले सेंद्रिय द्रव्य आहे, पायराइटचे गंधक आहे, प्राणवायू नाही. तांब्याला इथे विरघळून राहता येत नाही. ते गंधकाला धरून बसते, पुष्कळदा पायराइटचे कण खाऊन त्यांच्याच आकारात. पाणी आत शिरत राहते तसतशी ही सीमा पुढे सरकते, आणि मागे उरतो तो धातू धुऊन गेलेला, गंजलेला, सडका खडक. वरती समुद्र आटून साचलेल्या ॲनहायड्राइट आणि मिठाच्या थरांनी झाकण घातले, म्हणून हे पाणी भलतीकडे निसटले नाही.

हे सारे नेमके कधी घडले, गाळ ओला असतानाच की कोट्यवधी वर्षांनी, यावर अजून जोरात वाद चालू आहे. निरनिराळ्या पद्धतींनी काढलेली वये एकमेकांशी जुळत नाहीत. माझा कल एकाहून अधिक फेऱ्या झाल्या असाव्यात या मताकडे आहे आणि चौथ्या प्रकरणात मी तो लपवलेला नाही.

पोलंडकडे जाण्याआधी थोडे स्वतःचे सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी विदर्भात तांब्याच्या शोधात एका बोअरवर माझी नेमणूक होती. सहा आठवडे यंत्र चालले. रोज संध्याकाळी खोक्यात रचलेला कोअर, म्हणजे खडकाचा गाभा, मी ओला करून, भिंगाखाली धरून बघायचा आणि वहीत लिहायचा. तांबे लागले नाही. आपल्या खेड्यांत बोअर कोरडी गेली की घरावर जी कळा येते तीच आमच्या तंबूवर आली. मी शेवटच्या पानावर एका शब्दात निकाल लिहिला आणि वही मिटली. वरिष्ठांनी ती वही परत पाठवली आणि त्या गाभ्यात काय नाही यापेक्षा काय आहे ते लिहून आणायला सांगितले. मला ते लिहायला आणखी दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मी जे शिकलो ते विद्यापीठाच्या पाच वर्षांत शिकलो नव्हतो. कोरडी बोअर शेतकऱ्याला फक्त नाही म्हणते. भूवैज्ञानिकाला ती ‘इथे नाही, कारण…’ असे सांगत असते, आणि ते कारण ऐकून घेणे हेच त्याचे काम.

यान विझिकोव्स्की हे या कामातले मोठे नाव. जन्म 1917, पोलंडच्या दक्षिणेतल्या हाचूफ गावचा, शिक्षण क्राकूफच्या खाण अकादमीत. युद्धानंतर खालचा सिलेशिया पोलंडकडे आला तेव्हा तिथे तांब्याचे एक जुने खोरे होते: झ्वोतोरियाच्या आसपास, सुदेती डोंगरांच्या पायथ्याला. जर्मन भूवैज्ञानिकांनी 1930 च्या दशकात ते नीट अभ्यासले होते आणि आइझेनट्राउट यांचा त्यावरचा ग्रंथ 1939 मध्ये आला. खनिज होते पण हलके, आणि देशाची गरज भागेल एवढे मुळीच नव्हते. डोंगरांच्या उत्तरेला जमिनीचा एक मोठा ठोकळा वर उचललेला आहे आणि त्याच्यावरचे त्सेखश्टाइनचे थर केव्हाच धुऊन गेले आहेत. म्हणजे नकाशा पाहिला तर तांब्याचा थर तिथे संपतो.

विझिकोव्स्कींनी नकाशाच्या पलीकडे पाहिले. त्या ठोकळ्याच्या उत्तर कडेला थर पुन्हा सुरू व्हायला हवा, ईशान्येकडे काही अंशांनी कलत खाली जायला हवा, असा त्यांचा तर्क होता. वर शेकडो मीटर जाडीची पाण्याने भरलेली वाळू आणि चिकणमाती. पृष्ठभागावर तांब्याची एक खूण नाही, हिरवा डाग नाही, जुना खड्डा नाही. पोलिश भूवैज्ञानिक संस्थेने भूकंपलहरींनी खालच्या थरांचा कल चाचपला आणि 1950 च्या दशकात बोअर घ्यायला सुरुवात केली. वर्षे गेली. 23 मार्च 1957 रोजी शेरोशोवित्से गावच्या बोअरमधून सुमारे 656 मीटर खोलीवरचा गाभा वर आला आणि त्यात तांबे होते, दीड टक्क्याच्या आसपास. त्याच वर्षी लुबिनजवळच्या बोअरनेही साथ दिली.

या दिवसाबद्दल लिहिताना ‘दैवाने साथ दिली’ असे म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला तो साफ नामंजूर आहे. थर एक-दीड मीटरचा आणि बोअरची जाडी हाताच्या पंजाएवढी. अशा ठिसूळ शेलचा गाभा यंत्राच्या फिरत्या तोंडात भुगा होऊन पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो आणि तांब्यातून आरपार गेलेली बोअर कागदावर कोरडी ठरू शकते. पाचशे मीटरपर्यंत भराभर जाणाऱ्या यंत्राला नेमके कुठे हळू करायचे, हे ज्याला थरांचा क्रम पाठ आहे त्यालाच कळते. लेमानने दोनशे वर्षांपूर्वी मांडलेला क्रम इथे कामी आला.

पुढचे वेगाने घडले. 1959 पर्यंत साठ्याचा पहिला अंदाज कागदावर आला, 1961 मध्ये तांब्याचा सरकारी उद्योगसमूह स्थापन झाला, आजचा केजीएचएम तो हाच. खाणीत उतरायच्या विहिरी खणताना वरची वाळू पाण्यासकट आत कोसळू नये म्हणून आधी विहिरीच्या जागेभोवती वर्तुळात बोअर घेऊन थंडगार मिठाचे पाणी फिरवायचे, जमीन गोठवायची आणि गोठलेल्या भिंतीच्या आत खणायचे. 1968 मध्ये लुबिन आणि पोल्कोवित्से या खाणी सुरू झाल्या, मग 1974 मध्ये रुदना. खाणीत उतरल्यावर आणखी एक गोष्ट कळली. इथे धातू फक्त काळ्या शेलमध्ये नाही. खालच्या पांढऱ्या वालुकाश्मात आहे, वरच्या चुनखडीतही आहे, आणि पुष्कळ ठिकाणी वालुकाश्मातलाच वाटा मोठा. जो फक्त पाटीदगड शोधत गेला असता त्याने निम्मे घर बघितलेच नसते. आणि धातूच्या कडेला, ठरल्याप्रमाणे, लाल सडका खडक. पोलिश भूवैज्ञानिकांनी तो बोअरगणिक नकाशावर चढवला आणि मग पुढच्या बोअरची जागा त्या लाल डागाकडे बघून ठरू लागली. विझिकोव्स्कींच्या हाती हा नियम असा लिहिलेला नव्हता, त्यांच्या शोधामुळे तो लिहिता आला.

एक टन खनिजात तिथे साधारण पंधरा ते वीस किलो तांबे आणि पन्नास ग्रॅमच्या आसपास चांदी असते. आपल्या मापात सव्वाचार तोळे. ऐकायला किरकोळ, पण उपसा इतका अफाट आहे की वर्षाला सुमारे 1,300 टन चांदी निघते आणि केजीएचएम जगातल्या सर्वांत मोठ्या चांदी उत्पादकांत मोजली जाते. चांदीच्या नावाची खाण नसताना.

कोल्हापूरकर वाचकांसाठी इथे थोडे थांबायला हवे. वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतेक पोलंडच्या पूर्व सीमाप्रांतांतले, 1940 च्या सुमारास सोव्हिएत राजवटीने उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडे पाठवलेले. युद्धानंतर ते प्रांत पोलंडकडे राहिले नाहीत, आणि तिथे उरलेल्या त्यांच्या भाऊबंदांना पश्चिमेला, जर्मन लोकवस्ती हलवून रिकाम्या झालेल्या खालच्या सिलेशियात वसवले गेले. लुबिनच्या परिसरात तांबे सापडले तेव्हा तिथल्या गावांत राहणारी माणसे अशी दहा-बारा वर्षांपूर्वीच आलेली होती. ज्या जमिनीत आपल्या आजोबांच्या कबरी नाहीत, तिच्या पोटात काय आहे हे त्यांना बोअरने सांगितले. सहाव्या प्रकरणात या वस्त्यांविषयी जे लिहिले आहे ते लिहिताना वळिवडे माझ्या मनात सतत होते.

किंमत काय मोजावी लागली, हेही त्याच प्रकरणात आहे. खाणी आता बाराशे मीटरांच्या खाली गेल्या आहेत, खडक इतका तापलेला की थंड हवा सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही. दाबाखालचे छत अचानक फुटते आणि माणसे जातात. धातू काढून उरलेला चिखल झेलाझ्नी मोस्तच्या प्रचंड तळ्यात 1977 पासून साठतो आहे, युरोपातल्या अशा सर्वांत मोठ्या तळ्यांपैकी ते एक. शंभर किलो खनिजातले अठ्ठ्याण्णव किलो कुठेतरी ठेवावेच लागते. तांब्याच्या तारेवर आपला उद्याचा सगळा विजेचा संसार टांगून ठेवणाऱ्या आपण सर्वांनी त्या तळ्याचे छायाचित्र एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते, म्हणून ते पूर्ण पानभर छापले आहे.

शोध थांबलेला नाही. जर्मनीच्या लाउझित्स भागात, श्प्रेमबेर्गजवळ, कोळशाच्या खाणींच्या देशात, हाच थर एक किलोमीटरच्या आसपास खोलीवर आहे. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे बोअर घेतल्या गेल्या, मग काम थांबले, आणि या शतकात नव्या बोअर घेण्याआधी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या. अशा वेळी पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या गाभ्यावर भिंग धरून काय लिहिले होते, त्यावर सगळे अवलंबून असते. ‘लाल, धातू नाही’ एवढेच लिहिले असेल तर एक अर्थ. तांबूसपणा कुठून सुरू झाला, थराच्या वरून की खालून, हेमॅटाइटचे ठिपके किती दाट, हे लिहिले असेल तर तीच कोरडी बोअर पुढच्या यंत्राला दिशा देते.

या पुस्तकाच्या परिशिष्टात निवडक बोअरच्या नोंदी मराठीत उतरवून दिल्या आहेत. शेरोशोवित्सेची नोंद अर्थातच त्यात आहे, पण ती मी शेवटी ठेवली आहे. सुरुवातीला दिल्या आहेत त्या तांबे न लागलेल्या बोअर, आणि त्या वाचताना लाल रंगाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे समासात रेघ मारली आहे.